पालन्याची जागा

एका बाईचं व्याकरण मी मनातल्या मनात दुरुस्त केलं, ही माझी चूक. तोंडाने काही बोललो नाही, हसलोही नाही. तिने 'पालन्याची' म्हटलं आणि मी कानात 'पालनाची' असं नीट करून घेतलं, एवढंच. पुढचं सगळं त्या एका अक्षरामुळे झालं असं सांगून मला सुटता आलं असतं. पण तसं झालेलं नाही. अक्षर गाळलं ती चूक होती. त्यानंतर मी जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही, आणि तेच लिहायला मी बसलो आहे.

मी वास्तुरचनाकार. ठाण्याला नौपाड्यात जन्मलो, तिथेच एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. खाली दवाखाना, शेजारी चष्म्याचं दुकान. उमेदीच्या वर्षांत मी दिव्यातल्या इमारतींचे नकाशे काढले. भराभर उभ्या राहणाऱ्या, एकमेकींच्या खिडकीत डोकावणाऱ्या इमारती. पाण्याच्या टाक्या माझ्या नकाशात नीट दाखवलेल्या होत्या. पाणी कुठून येणार हे दाखवायची जबाबदारी माझी नव्हती. आजही त्या बाजूला गेलो की हंडे घेऊन जिना चढणारी माणसं दिसतात आणि मी रिक्षात दुसरीकडे बघतो. त्यामुळे पन्नाशीच्या आसपास, निसर्गाला धक्का न लावता बांधायची कामं मिळायला लागली तेव्हा मला ते प्रायश्चित्तासारखं वाटलं. खडवलीच्या पुढे नदीकाठी दोन-तीन शेतघरं केली. माती, बांबू, जुनी कौलं. लोक बघायला यायचे. मी त्यांना समजावून सांगायचो, आणि खरं सांगायचं तर मला ते समजावणं आवडायचं.

अशाच एका शेतघरात आमच्याच नौपाड्यातले एक डॉक्टर मला भेटले. माझ्यापेक्षा बरेच मोठे, दवाखाना मुलीकडे सोपवून मोकळे झालेले. डोंबिवलीच्या समोर, खाडीच्या पलीकडे त्यांच्या आजोबांची जमीन होती. तिवरांच्या रानामागे एक खडकाळ टेकाड, त्याच्या पायथ्याशी खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. तिकडे रस्ता नाही. होडीनेच जावं लागतं. डॉक्टरांना तिथे तीन-चार खोल्या बांधायच्या होत्या. शहरातल्या लोकांनी यावं, पक्षी बघावेत, गप्प बसावं आणि परत जावं.

"पण जागेला ओरखडा नको हं," ते म्हणाले. "नाहीतर आजोबा येऊन मानगूट धरतील."

पहिल्यांदा गेलो ती सकाळ मला स्वच्छ आठवते. होडी कोळ्यांची. मोटरीवर एक माणूस आणि पुढे त्याची बहीण. बाई माझ्याच वयाची असेल. डोंबिवलीच्या बाजारात ती मासळी विकायची आणि त्या दिवशी पाट्या उतरवून आमच्याबरोबर परत चालली होती. मागे डोंबिवलीचे टॉवर उभे होते, पाण्यात त्यांची उलटी सावली. समोर तिवरं. आम्ही मध्ये. एका वळणावर टेकाडाचा एक उघडा उतार दिसायला लागला आणि भावाने मोटर बंद केली. होडी आपल्या वेगाने सरकत राहिली. सगळं इतकं एकदम शांत झालं की चिखलात निवट्या, ते बोटभर मासे, उड्या मारत होत्या त्याचा टपटप आवाज ऐकू यायला लागला.

"मोटर का बंद केली?" मी विचारलं.

"अशीच," तो म्हणाला. तेही हळू.

"पेट्रोल वाचवतोय," डॉक्टर म्हणाले. "हुशार आहेत हे लोक."

"तुज्या खिशातलं वाचतंय ना रं डाक्तर?" बाई म्हणाली. "मंग गप बस."

डॉक्टर खो खो हसले. ती हसली नाही. उतार मागे पडेपर्यंत ती पाण्याकडे बघत होती. उतारावर दगडांचे लहान लहान ढीग होते. ओंजळीत मावतील असे दगड, गोळा करून रचल्यासारखे. शेत साफ करताना बाजूला टाकतात तसे. पण त्या खडकावर कधी शेत असणं शक्य नव्हतं. हे मला तेव्हाच दिसलं होतं.

"ह्या बाजूला काय म्हणता तुम्ही?" मी विचारलं.

"ती पालन्याची जागा," ती म्हणाली.

"आणि ते दगड?"

"ठेवलेले हायेत."

"कुणी?"

"ज्यानी त्यानी." मग माझ्याकडे बघून, "तिकडं नको जाव."

"का? विंचू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"हां," ती म्हणाली. "विंचूच समज."

मी वहीत लिहिलं: पालनाची जागा. संवर्धनाला ह्या लोकांकडे किती नेमका शब्द आहे, असं मला वाटलं. त्यांच्या पूर्वजांनी एक उतार राखून ठेवला, तिथे मोटरही चालवत नाहीत. मला गहिवरून आलं. खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं.

मग मी आराखडा केला. खाजणात भात व्हायचा, ते हलवायचं नाही. झाड एकही तोडायचं नाही. भरतीच्या रेषेपासून कायद्याने जेवढं सोडायला हवं त्याहून जास्त अंतर सोडायचं. त्यासाठी मोठ्या भरतीला पाणी कुठवर चढतं ते मी स्वतः दोनदा जाऊन पाहिलं आणि तिथे लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या. एवढं सगळं टाळल्यावर बांधायला उरला तो तो उघडा उतार. झाड नाही, पीक नाही, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी. त्यात भर म्हणजे दगड आयता. खडक फोडायला नको, बाहेरून ट्रकने काही आणायला नको. जागेवरचा दगड जागेवरच वापरायचा, हे तर मी सगळ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो.

नावही मीच सुचवलं. 'पालन'. रात्री जेवताना बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "छान आहे. कुक्कुटपालन, मत्स्यपालन, आणि आता पाहुणेपालन."

"चेष्टा करू नकोस. त्यांचाच शब्द आहे तो."

"त्यांना विचारलंस?"

"त्यांनीच सांगितला म्हणतोय ना."

"अरे, सांगितला वेगळं, विचारलंस वेगळं," ती म्हणाली आणि आमटी वाढली. ती सहज बोलली होती. मीही सहज विसरलो.

होडीची मोटर वळणावर बंद करायची, हेही मी आराखड्यात घेतलं. पाहुणे शांततेत पोहोचतील.  त्या लोकांनी ज्या ज्या गोष्टीने मला थांबवायचा प्रयत्न केला, तिचं मी वैशिष्ट्य करून टाकलं.

कामाला टेकाडाच्या पुढच्या कोळीवाड्यातलं कुणी येईना. स्थानिकांना रोजगार ही माझी अट होती. मी दोनदा निरोप पाठवला. पुरुष म्हणाले, मासेमारीचे दिवस आहेत. नंतर म्हणाले, लग्नं आहेत. सामान होडीने पोचवायचे, पण होडीतून उतरायचे नाहीत. शेवटी लातूरकडचा एक गवंडी आणि त्याची माणसं आणली. चांगला माणूस. चुन्यातलं काम येणारे आता राहिलेत कुठे.

उत्तरेच्या टोकाच्या खोलीचं जोतं चाललं होतं. दुपारची वेळ. तो गवंडी तळहात पुढे करून माझ्याकडे आला. हातावर काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या दोन छोट्या मनगट्या. दोरा कुजलेला, पण मणी अजून गोलात.

"साहेब, हे दगडाखाली मिळालं."

तान्ह्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात त्या मनगट्या. माझ्या मुलाच्या हातात होत्या. त्या किती लहान असतात हे विसरायला होतं. गवंड्याच्या तळहातावर त्या अंगठ्यांसारख्या दिसत होत्या.

मी म्हणालो, "भरतीत वाहून आल्या असतील."

तो म्हणाला, "पाणी इथवर येतं का?"

"मोठ्या भरतीला येतं."

त्याने उताराखाली बघितलं. तिथे, बऱ्याच खाली, माझ्या लाल खुंट्या उन्हात दिसत होत्या. मीही बघितलं. आम्ही दोघांनी एकाच वेळी बघितलं.

पुष्कळदा मी स्वतःला विचारलं आहे, तेव्हा मला नक्की काय कळलं होतं. उत्तर देताना घसरायला होतं, म्हणून सरळ लिहितो. मला सगळं कळलं होतं. लहान ढीग, उघडा उतार, बंद केलेली मोटर, 'ज्यानी त्यानी'. आपल्याकडे तान्ही मुलं जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझ्या आजीची दोन तशीच गेली होती. त्या क्षणी 'पालना' म्हणजे काय हेही माझ्या कानाने बरोबर ऐकलं. हे लोक ळ-ला ल म्हणतात, ण-ला न म्हणतात, हे मी लहानपणापासून दारावर येणाऱ्या मासेवालीकडून ऐकत आलो आहे. पाळणा.

"मग ह्याचं काय करू?" गवंड्याने विचारलं.

"टाक खाडीत," मी म्हणालो.

त्याने टाकल्या नाहीत. जोत्याच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, चुन्यात जागा करून त्या ठेवल्या, वर दगड बसवला आणि हात जोडले. मी ते बघितलं आणि मग पाणसळीची नळी धरून पातळी तपासत राहिलो. महिनाभरात तिन्ही खोल्यांची जोती उठली. उतारावर एकही ढीग उरला नाही.

'पालन' सुरू झालं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत फोटो आला. धक्क्यावर लाकडी पाटी लागली, त्यावर सुंदर अक्षरांत नाव. पाटी लागल्यापासून कोळीवाड्यातल्या बायका त्या बाजूने होडीतून जाताना तोंड फिरवून बसतात असं एका पाहुण्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्याला वाटलं, लाजतात.

मग एक दिवस डॉक्टरांचा फोन.

"अरे ऐक, मजा ऐक. परवा एक जोडपं आलेलं, डोंबिवलीचं. चार महिन्यांचं बाळ. घरी म्हणे रात्रभर रडतं. इथे आल्यापासून हूं नाही की चूं नाही. एका कुशीवर गाढ झोप."

"हवा बदलते ना," मी म्हणालो.

"तेच म्हणालो मी. पण आधीचे ते मुलुंडचे, तेही हेच म्हणाले. आणि ती जुळी आलेली, तीही. मी आता लोकांना सांगायला लागलोय, आमच्याकडे बाळं रडत नाहीत. लहान मुलांवाल्यांची रांग लागेल बघ."

मी फोन ठेवला. खाली दवाखान्यात एक मूल रडत होतं. ते रडत राहावं असं मला वाटलं.

त्यानंतर मी महिनोनमहिने तिकडे फिरकलो नाही. जावं लागलं ते वेगळ्याच कारणाने. उत्तरेच्या खोलीच्या जोत्यावर पांढरे ओघळ यायला लागले होते. दुधाच्या पातेल्यातून ओतल्यासारखे. पुसले की दोन-चार दिवसांत पुन्हा. मी डॉक्टरांना म्हटलं, लोणा आहे, खाऱ्या हवेत दगडाला मीठ फुटतं. म्हटलं खरं, पण इतर दोन जोत्यांचा दगड तोच होता, चुना तोच होता, आणि त्यांना काही नव्हतं.

मी पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. दुपारचं पांढरं ऊन, पलीकडे टॉवर तापून थरथरल्यासारखे दिसत होते. त्या खोलीत एक मुलगी उतरली होती, म्हणजे माझ्या मुलीसारखीच. नवरा पक्षी बघायला गेलेला. ओसरीवर चटईवर तिचं बाळ पडलं होतं. झोपलेलं नव्हतं. मी जोत्यापाशी उकिडवा बसून दगड तपासत होतो आणि ते माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं. नीट बघितलं तर माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे, उताराकडे. हसत होतं. थांबायचं, नजर थोडी सरकवायचं, परत हसायचं. एकाकडून दुसऱ्याकडे बघावं तसं.

"सटवाई हसवतेय," त्याची आई म्हणाली. "आमची आजी म्हणते असं. आल्यापासून त्याचं हेच चाललंय. मी ह्याला इकडे डोकं करून निजवते, काका, आणि सकाळी बघते तर तोंड त्या भिंतीकडे. रोज."

मी मागे वळून बघितलं. उतारावर ऊन होतं. गवतही हलत नव्हतं. मी बोटाने तो ओघळ पुसला आणि, का कोण जाणे, बोट नाकाशी नेलं. मिठाला वास नसतो, ह्याला होता. मी बोट पँटला पुसलं आणि परतीची होडी बोलावली.

होडी कोळीवाड्याच्या बाजूला लागली. काठावर ती बाई बसली होती, पुढ्यात करंद्यांचा, बारीक कोलंबीचा ढीग, निवडत होती. मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"ताई, उत्तरेच्या खोलीवर दूध कोण ओततं?"

तिने मान वर केली. "कनचं दूध?"

"तुमच्यापैकी कुणी येतं का तिथे?"

"आमी कशाला येऊ? तुमी पाटी लावली नाय का?" ती म्हणाली. "नाव लिवलंय वर. मेलेल्या पोरांच्या जागंचं नाव लिवून त्याखाली फुलं लावलीत. आमचा म्हातारा ती पाटी बघून दोन दिस जेवला नाय."

"मला वाटलं, पालन म्हणजे..." मी म्हणालो.

"पालना रं. बाल झुलवतात तो पालना. दात यायच्या आदी जी गेली ती समदी तिकडंच. कोल्हे उकरतान म्हनून वर दगड ठेवायचं. ज्याचा त्यानं." तिचे हात करंद्यांवर चालूच होते. "मी तुना बोलले व्हते, तिकडं नको जाव."

"हो. बोलला होता तुम्ही."

"माजी पयली पोर हाय तिकडं. एक काला दगड व्हता, चपटा, मी सोता खाडीतून काडलेला. होडीतनं जाताना दिसायचा. दिसला का बरं वाटायचं. लोकांचं पोर शालंत जातं, माजं तिकडं हाय, दिसतंय." ती थांबली. "आता मना कलत नाय ती कुठं हाय. तू दगड उचललेस ना? मंग तू सांग. माजी पोर कुठं हाय?"

मी म्हणालो, "बघतो."

हे मी म्हणालो. एवढ्या मोठ्या प्रश्नाला, ऑफिसात गिऱ्हाइकाला गळती लागली की सांगतो तसं. बघतो. आणि पुन्हा होडीत बसून निघून आलो.

त्या आठवड्यात मी जेवू शकलो नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी जेवलो. कामं केली. एका सोसायटीच्या गच्चीचं माप घेतलं. मात्र पाण्यावर होडीची मोटर बंद होते तशी मधूनच कानात शांतता पसरायची आणि त्यात निवट्यांचा टपटप आवाज. भर बाजारात, बँकेत, कुठेही. शेवटी बायकोला सांगितलं. पाटीचं, दगडांचं, काळ्या चपट्या दगडाचं. मनगट्यांचं सांगितलं नाही.

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "आपला गेला असता आणि कुणी त्याच्यावर पडवी बांधली असती, तर तू काय केलं असतंस?"

"मला माहीत नव्हतं गं."

"आता माहीत आहे ना? मग घरात का बसलायस?"

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

"आजोबा सांगायचे, तिथे कोळ्यांचं काहीतरी आहे म्हणून. मला वाटलं, देव असेल. शेंदूर लावलेला, लिंबू-नारळ, असं काहीतरी. गेलो तर देव दिसला नाही. म्हटलं, बरं झालं, कटकट नाही." मग म्हणाले, "आणि मी लोकांना सांगत सुटलो, बाळं रडत नाहीत इथे. अरे देवा."

"त्या तीन खोल्या काढायला हव्यात."

"काढ," ते म्हणाले. "मी आहे तोवर काढ. मुलगी हिशेब करत बसेल."

पाटी आधी उतरवली. मग कौलं, मग भिंती. जोती सोडवायला मी त्याच गवंड्याला शोधत होतो, पण तो गावी परतला होता, नंबर लागत नव्हता. दुसरी माणसं घेतली. चुना अजून पुरता घट्ट झालेला नव्हता, दगड सुटे निघत होते. उत्तरेच्या खोलीचा तो कोपरा मी स्वतः उकलला. जागा मला पक्की माहीत होती, माझ्या डोळ्यांसमोर ठेवलं होतं ते. वरचा दगड उचलला. आत, चुन्यात, दोन लहान वर्तुळांचा ठसा होता. मण्यामण्याची खूण उमटलेली. मनगट्या नव्हत्या. दगड हललेला नव्हता, सांध्याला फट नव्हती. मी हाताने चाचपलं, खालची माती चाळली. नव्हत्या. ह्याचं कारण मला माहीत नाही आणि मी ते शोधायला गेलो नाही.

सगळे दगड उतारावर पसरून ठेवले. शेकडो. सगळे सारखे. त्यांत काळे होते, चपटेही होते. मग मी कोळीवाड्यात गेलो आणि तिला म्हणालो, ताई, चला.

सकाळ होती, भरती नुकतीच ओसरायला लागलेली. तिच्या भावाने नेहमीच्या वळणावर मोटर बंद केली. ती माझ्या आधी उतरली. कोळीवाड्यातलं कुणीतरी त्या उतारावर पाय ठेवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. ती अनवाणी, फार जपून चालत होती, झोपलेल्या माणसांनी भरलेल्या खोलीतून जावं तशी. मी तिच्या मागे, तिच्याच पावलांवर पाऊल ठेवत. कुठे पाऊल ठेवायचं मला माहीत नव्हतं.

तिने एक काळा दगड उचलला, उलटून पाहिला, ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला. बराच वेळ असं चाललं. भाऊ होडीत पाठ फिरवून बसला होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि जे बोलायला हवं होतं ते तोंडातून निघेना, म्हणून मी भलतंच बोललो.

"इथे जी बाळं येऊन राहिली ना, पाहुण्यांची," मी म्हणालो, "ती रडायची नाहीत. घरी रडणारी बाळंसुद्धा. रात्रभर शांत झोपायची. भिंतीकडे तोंड करून."

ती हातातल्या दगडासकट थांबली.

"समदी?"

"सगळी."

"आनि हसायची?"

मी तिला ते सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. "हो," मी म्हणालो. "हसायची."

ती उताराकडे बघत राहिली. तिचा चेहरा मला समोरून दिसत नव्हता, पण खांदे खाली आले.

"सोबत झायली त्यांना," ती म्हणाली. "बऱ्याच दिसांनी कोनी खेलायला आयला." आणि मग माझ्याकडे वळून, रागाने नाही, उत्तर मिळेल अशा खात्रीने, तिने पुन्हा विचारलं, "मंग आता सांग. माजी कुठं हाय?"

मी खाली बसलो. त्या दगडांत, तिच्यापेक्षा खाली. पाणी चिखलातून मागे जाताना बारीक आवाज करत होतं.

"ताई, मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला ती आता दाखवता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही दाखवता येणार नाही, कारण दगड मी उचलले. तुम्ही सांगितलं ते मी चुकीचं ऐकलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. घरीसुद्धा. ते अर्धंच खरं आहे. काम चालू असताना दगडाखाली बाळाच्या मनगट्या निघाल्या. त्या बघितल्यावर मला कळलं होतं ही जागा कसली आहे. तेव्हा निम्मे ढीग जागेवर होते. तुमचा दगड कदाचित जागेवर असेल. मी काम थांबवलं नाही. मनगट्या खाडीत टाकायला सांगितल्या. माझं चुकलं नाही ताई, मी कळून केलं. मला माफ करा."